वाळू किती लागली: चार फुटी खाऱ्या टाकीच्या नोंदी

२ मार्च २०२४, शनिवार

समुद्री माशांसाठी टाकी आली. १२० × ४५ × ५० सेंमी, काच १२ मिमी. रिकामीच पासष्ट-सत्तर किलो भरते, त्यामुळे लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर चढवायला चौघे लागले आणि जिन्यातल्या रंगाचा एक पोपडा गेला. सोसायटीचे सेक्रेटरी बघून गेले. अजून काही बोललेले नाहीत.

गोड्या पाण्याची टाकी मी नऊ वर्षं ठेवली आहे. खाऱ्याची ही पहिलीच. दुकानात विचारलं, वाळू किती घेऊ? दुकानदाराने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "लिटरला एकशे वीस ग्राम धरा, ताई." २७० लिटर म्हणजे ३२ किलो. सुटी पांढरी 'कोरल सँड' ६० रुपये किलो. १,९२० रुपये दिले, दोन गोण्या रिक्षात टाकल्या, घरी आले.

रात्री झोप येईना म्हणून कागद घेतला. माझी टाकी २७० लिटरची. ६० × ६० × ७५ सेंमीची उभी टाकी घेतली असती तरी ती २७० लिटरचीच. दुकानदाराने दोन्हीला ३२ किलोच सांगितली असती. पण माझ्या टाकीचा तळ ५,४०० चौरस सेंमी आणि उभ्या टाकीचा ३,६००. वाळू तळावर पसरते. वर पाणी किती उंच उभं आहे याच्याशी तिला काय करायचंय? हे दुकानात सुचायला हवं होतं.

३ मार्च, रविवार

आणलेली वाळू चमचाभर वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं. काही नाही. शेजारच्या वाटीत अंड्याच्या टरफलाचा चुरा, त्यावरही व्हिनेगर. तिथे लगेच बुडबुडे. वाळूच्या वाटीत पाच मिनिटं कान लावून बसले, आवाजसुद्धा नाही.

म्हणजे ही सिलिका आहे. प्रवाळ-शिंपल्यांपासून झालेली वाळू, म्हणजे अ‍ॅरागोनाइट, आम्लात फसफसते. ही तशी नाही. सिलिकाने मासे मरत नाहीत, हेही खरं. "अ‍ॅरागोनाइट पीएच सांभाळतं" असं जे सांगतात तेही जरा वाढवूनच सांगतात, कारण ८.१–८.२ पीएचच्या पाण्यात ते फारसं विरघळतच नाही. पण मी पैसे एका वस्तूचे दिले आणि हातात दुसरी आली, याचा राग आहे. दुकानदार म्हणाला, सुटा माल परत घेत नाही.

वाळू घेण्याआधी चिमूटभर मागून तिथेच तपासा. व्हिनेगरची लहान बाटली पर्समध्ये मावते.

समोरच्या काकू म्हणाल्या, "एवढं कशाला, आम्ही गुहागरला जातोय, पिशवीभर आणते." नको म्हटलं. एक तर किनाऱ्यावरून वाळू काढायला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची, बंदी आहे. दुसरं म्हणजे कोकणातल्या वाळूत काळे, जड कण असतात आणि त्यातले बरेच लोहचुंबकाला चिकटतात. टाकीची काच पुसायला आपण चुंबकी ब्रश वापरतो. काळा कण त्या ब्रशला चिकटला की काचेवर ओरखडा कायमचा. शिवाय पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे डांबरगोळे, त्यांचं तेल धुऊन जात नाही.

१० मार्च, रविवार

नवीन वाळू दुसरीकडून आणली. पिशवीबंद कोरडं अ‍ॅरागोनाइट, दाणा अर्धा ते एक मिमी, पिठीसाखरेपेक्षा जाड आणि साखरेपेक्षा बारीक. २० किलोची पिशवी ३,२०० रुपये. या वेळी व्हिनेगर दुकानातच काढलं. फसफसलं.

ओली 'लाइव्ह सँड' पण होती, जिवाणूंसकट पॅक केलेली. घेतली नाही. किंमत दुप्पट, आणि वजनात पाणीही धरलेलं असतं. नऊ किलो लिहिलेल्या पिशवीत वाळू नऊ किलो नसते.

आता हिशेब नीट केला.

आतलं माप घ्यायचं, बाहेरचं नाही. १२० मधून दोन्ही बाजूंच्या काचा वजा: ११७.६. ४५ मधून वजा: ४२.६. गुणाकार ५,०१० चौरस सेंमी. म्हणजे माझ्या टाकीत एक सेंमी थराला ५ लिटर वाळू. हा एक आकडा सापडला आणि पुढचं सगळं तोंडी झालं.

थर किती? मी ४ सेंमी ठरवला. १० सेंमीच्या वरचा जाड थर लावणारे लोक आहेत. खाली ऑक्सिजन न पोचणाऱ्या भागातले जिवाणू नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जातं ते) खातात, हा त्यामागचा हेतू. पण माझ्या टाकीत १२ सेंमी म्हणजे ६० लिटर वाळू, वजन ऐंशी किलोच्या वर, आणि माशांना पोहायची उंची तेवढी कमी. सहा-सात सेंमीचा मधलाच थर मला सगळ्यात वाईट वाटतो. नायट्रेट खाण्याएवढा जाड नाही आणि साफ करण्याएवढा पातळ नाही.

तर ४ सेंमी × ५ = २० लिटर.

वाळू किलोवर मिळते, म्हणून लिटरचं वजन काढलं. स्वयंपाकघरातलं लिटरचं माप कोरड्या वाळूने काठोकाठ भरलं, वरून पट्टीने सपाट केलं, काट्यावर ठेवलं. तीनदा केलं: १.३९, १.४१, १.४० किलो. २० लिटर म्हणजे २८ किलो. दोन पिशव्या घेतल्या, ६,४०० रुपये.

बाबा पेपर वाचत होते. चाळीस वर्षं बांधकामाच्या साईटवर काढलेला माणूस. "वीस लिटर म्हणजे ब्रासमध्ये किती?" म्हणाले. शंभर घनफुटांचा एक ब्रास. माझी वाळू पाऊण घनफूटसुद्धा नाही. "दोन घमेली," ते म्हणाले आणि परत पेपरात गेले.

१६ मार्च, शनिवार

दगडांची मांडणी. दगड सिरॅमिकचे, कृत्रिम. आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. 'लोकल लाइव्ह रॉक' म्हणून कोणी प्रवाळाचे तुकडे विकत असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

दगड आधी काचेवर, मग भोवती वाळू. उलट केलं तर बीळ करणारा मासा दगडाखालची वाळू उपसतो आणि दगड काचेवर कोसळतो. पण याचा दुसरा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. दगड जिथे टेकलेत तिथे वाळू लागतच नाही.

टाकी ज्या खोक्यात आली त्याचा पुठ्ठा ११७.६ × ४२.६ कापला, वर दगड मांडले, पेन्सिलीने प्रत्येकाभोवती रेघ मारली आणि पाच-पाच सेंमीचे चौकोन आखून मोजले. ४२ चौकोन दगडांखाली. म्हणजे १,०५० चौरस सेंमी, २१ टक्के. उरलेला तळ ३,९६० चौरस सेंमी. चार सेंमीला १५.८ लिटर, साधारण २२ किलो.

दुकानदाराचे ३२ आणि हे २२. दहा किलोचा फरक.

हाच पुठ्ठा टाकीशेजारी ठेवून दगड जसेच्या तसे हलवणार आहे, या वेळी नंबर टाकून.

२३ मार्च, शनिवार

वाळू धुणे. गच्चीवर, नळीने, बादलीत पाच-पाच किलो. पहिलं पाणी ताकासारखं. आठव्या बादलीला नितळ दिसायला लागलं, पण हात फिरवला की परत ताक. अकराव्या बादलीला सोडून दिलं. दोन्ही पिशव्या धुतल्या, हीही चूकच. लागणार होती २२ किलो, धुतली ४०. धुण्यात दीड-दोन लिटरचं पीठ वाहून गेलं.

मग मला वाटलं, वाळवून परत मोजू, म्हणजे हिशेब पक्का. जुनी चादर पसरली, त्यावर वाळू. शेजारी आईच्या कुरडया.

आई म्हणाली, "वाळूचं वाळवण घातलेलं पहिल्यांदा बघतेय गं."

वाळवायची खरंच काही गरज नव्हती. का, ते ३० मार्चच्या नोंदीत कळेल.

२४ मार्च, रविवार

गच्चीवर मांजर येते हे मला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं.

मांजराला कोरडी, बारीक, भुसभुशीत वाळू एवढी पसरलेली कधी मिळाली असेल? चादरीच्या एका कोपऱ्यात तिने आपलं काम उरकून व्यवस्थित झाकूनही ठेवलं होतं. कुरडयांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, आणि आईने हे मला तीनदा सांगितलं. त्या बाजूची सहा लिटर वाळू बागेत फेकली. अमोनियावाली वाळू टाकीत घालून सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढणं) लवकर सुरू करायचा विचार क्षणभर आला होता. नाही केला.

उरलेली अर्धवट ओलसर वाळू घाईघाईने बादल्यांत भरून खाली आणली. संध्याकाळी होळी, उद्या धुळवड, गच्चीवर रंग. आता वाळवणं संपलं.

३० मार्च, शनिवार

सगळ्यात जास्त डोकं खाल्लेला दिवस.

दगड लावले. त्याच लिटरच्या मापाने मोजून १६ लिटर वाळू घातली आणि ती बुडेल एवढंच पाणी सोडलं. हाताने सपाट केली. समोरून मोजपट्टी लावली: ४.४ सेंमी.

मला वाटलं, जास्त झाली. हिशेब चुकला, दगडांनी अजून जागा खाल्ली असणार. दोन लिटर काढूनही टाकली. मग बाबा आले, खाली वाकले आणि पट्टीच्या टोकाकडे बोट दाखवलं. पट्टीचं शून्य टाकीच्या बाहेरच्या कडेला होतं. तळाची काच १२ मिमी. ४.४ मधून १.२ वजा केले की ३.२.

काढलेली दोन लिटर परत घातली. तरी ३.२ च. म्हणजे आता कमी! १६ लिटर भागिले ३,९६० चौरस सेंमी, चार सेंमी यायलाच हवेत. पाच ठिकाणी मोजलं, दहा ठिकाणी मोजलं. पुठ्ठ्यावरचे चौकोन परत मोजले, ४२ च निघाले.

बाबा बादलीतली उरलेली वाळू मुठीत दाबून बघत होते. लाडवासारखी वळत होती.

"ही ओली मोजलीस?"

"ओली नाही, ओलसर आहे."

"ओलसरच तर फुगते."

त्यांनी बरणी मागितली. लोणच्याची सरळ उंच बरणी मिळाली. ओलसर वाळू न दाबता २० सेंमीपर्यंत भरली. मग ती परातीत काढली, बरणी अर्धी पाण्याने भरली, वाळू परत त्यात सोडली, चमच्याच्या दांड्याने ढवळली. दहा मिनिटांनी वाळू १६ सेंमीवर बसली होती. तेवढीच वाळू, एक कणही कमी नाही.

"२० ची १६ झाली. फरक ४, भागिले १६. पंचवीस टक्के फुगलेली." मग जरा खूष होऊन म्हणाले, "वाळूवाला ट्रकवर पाणी मारून का आणतो माहितेय? ट्रक भरलेला दिसतो."

कारण असं. ओलसर वाळूत प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो दाण्यांना एकमेकांपासून दूर धरतो. वाळू पूर्ण बुडाली की पापुद्र्याचा ताण जातो आणि दाणे खाली बसतात. पूर्ण कोरडी आणि पूर्ण बुडलेली वाळू जवळपास सारखीच जागा घेते, फुगते ती मधली. दाणा जेवढा बारीक तेवढी जास्त.

म्हणजे माझी १६ लिटर वाळू खरी १२.८ लिटर होती. १२.८ ला ३,९६० ने भागलं: ३.२ सेंमी. पट्टी बरोबर होती, चौकोन बरोबर होते, माप चुकलं होतं. अजून खरी ३ लिटर हवी, म्हणजे या फुगलेल्या वाळूची पावणेचार. घातली.

मोजायचं ते धुण्याआधी, कोरडं असताना. नंतर वाळवत बसू नये.

३१ मार्च, रविवार

पाणी. घरच्या आरओमधून तीन दिवस ड्रम भरत होते. मीठ ड्रममध्येच कालवलं, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५, समुद्राएवढं. वाळूवर जेवणाचं ताट उपडं ठेवून त्यावर पाणी सोडलं, तरी पहिल्या मिनिटात खड्डा पडलाच. टाकी पांढरी झाली, दगडसुद्धा दिसेनात. हात लावला नाही. दोन दिवसांनी निवळली. पाण्याखाली मोजलं: सरासरी ४ सेंमी, काचेची जाडी वजा करून.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

सुट्टी होती म्हणून वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात लाटा आणणारा पंप, लावला. श्रीखंड खाऊन आले तर डाव्या कोपऱ्यात नुसती काच आणि उजव्या बाजूला आठ सेंमीचा ढीग. चार सेंमीचा हिशेब अर्ध्या तासात वाहून गेला.

हात घालून सपाट केलं. रात्री परत तसंच. तीन दिवस मी वाळू सरकवत होते आणि पंप ती परत नेत होता.

दाणा बारीक घेतला हे मूळ. प्रवाह जोरात ठेवायचा असेल तर एक ते दोन मिमीचा दाणा घ्यावा, तो जागचा सहज हलत नाही. बारीक दाणा दिसायला छान आणि बीळ करणाऱ्या माशांना सोयीचा, पण मग पंप वर आणि मंद ठेवावा लागतो.

१३ एप्रिल, शनिवार

वेव्हमेकर दहा सेंमी वर सरकवला, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे तिरकं केलं. वेग निम्मा. ढीग वाढायचा थांबला. डाव्या कोपऱ्यात मात्र अजून काच दिसत होती. त्याच्या आसपासची तीन लिटर बारीक वाळू काढली आणि जाड, दोन ते चार मिमी दाण्याची पाच किलो घातली. ९०० रुपये.

जाड आणि बारीक वाळू एकत्र टाकली की बारीक दाणे फटींतून खाली जातात आणि जाड वर राहते. इथे मला तेच हवं होतं, जाड खडी वर आणि वाहत येणारी बारीक तिच्याखाली दबलेली. आठवडाभर बघितलं, कोपरा टिकला.

२१ एप्रिल, रविवार

वाळूवर तपकिरी साय. डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळं. नव्या टाकीत येतातच, पण मला बघवेना. गोड्या टाकीची जाड नळी लावून ओढायला गेले. सायीबरोबर लिटरभर वाळूही बादलीत. हवेच्या पंपाची बारीक नळी लावली असती तर साय आली असती, वाळू नाही. बादलीतली वाळू धुऊन परत घातली, पूर्ण बुडवून मोजली.

डायटम तीन आठवड्यांनी आपोआप गेले. मी काहीच केलं नसतं तरी गेले असते, अशी दाट शंका आहे.

५ मे, रविवार

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, म्हणजे मासे सोडायला टाकी तयार. पाणी भरल्यापासून ३५ दिवस. ठाण्याच्या मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं होतं, म्हणून चिलर आला. त्याची किंमत इथे लिहीत नाही, आई हे वाचते.

दोन क्लाउनफिश आणि बीळ करणारा एक पिवळा वॉचमन गोबी मासा आणला.

२ जून, रविवार

गोबीने मधल्या दगडाखाली बीळ केलं आहे. तोंडात वाळू भरतो, बिळाच्या दारात येतो, गालांतून फुर्रकन बाहेर टाकतो आणि परत आत. दिवसभर. दगड काचेवर असल्यामुळे हललेला नाही, पण त्याच्यामागे सहा सेंमीचा उंचवटा आणि समोर दोन सेंमीची दरी. सरासरी बघितली तर अजून ३.७ आहे. उरलेली वाळू खाली बसली असावी किंवा सम्पमध्ये (पाणी गाळायच्या खालच्या टाकीत) गेली असावी. मी ती त्याच्या जागी परत ओढत नाही. एकदा ओढली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच.

वाळूचा खर्च: सिलिका १,९२०, अ‍ॅरागोनाइट ६,४००, जाड वाळू ९००. एकूण ९,२२० रुपये. नीट मोजलं असतं तर बारीक २० किलो आणि जाड ५ किलो पुरलं असतं, ४,१०० रुपयांत. वर चार शनिवार-रविवार गेले ते वेगळे. सिलिका बाबांनी मागून घेतली. कढीपत्त्याच्या कुंडीत निम्मी मिसळली आहे, निचरा चांगला होतो म्हणतात.

नाशिकच्या मामेभावाने ९० × ४५ × ४५ ची टाकी घेतली आहे, १० मिमी काच. काल फोनवर विचारत होता, किती आणू. आतून ८८ × ४३, म्हणजे ३,७८४ चौरस सेंमी. सेंमीला पावणेचार लिटर. चार सेंमीला १५, दगडांचे वीस टक्के वजा, १२ लिटर. लिटरला १.४ किलो, १७ किलो. धुण्यात थोडी जाईल. वीस किलोची एक पिशवी पुरेल त्याला, एक ते दोन मिमीचीच घे म्हटलं.

गच्चीवर मांजर आहे का, तेही विचारलं. बघून सांगतो म्हणाला.